साठ भुवया

"बावीस," आवटी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कार्ड टेबलावर उलटं ठेवलं. "साठ पाहिजेत, राजमती. बावीसच आहेत."

राजमती चौगुले टेबलासमोर हात मागे बांधून उभी होती. दारात आणखी चौघीजणी आपापली कार्डं घेऊन थांबल्या होत्या, म्हणून मी उठून दार लोटून घेतलं.

जयसिंगपूरच्या आमच्या सौंदर्य प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांचा कोर्स असायचा आणि तिसरा महिना संपला की प्रत्येकीचं कार्ड तपासलं जायचं. केस कापणं, फेशियल, मेहंदी, भुवया, प्रत्येक कामाचा आकडा ठरलेला. मुलीनं काम केलं की शिकवणारीनं ते बघायचं, पटलं तर 'ठीक' लिहून सही करायची. 'ठीक' नसलेलं काम धरायचं नाही. आकडा कमी पडला तर एका महिन्याची लेखी मुदत. त्या महिन्यातही भरला नाही तर नाव कमी, आणि पुढं वर्षभर प्रवेश नाही. हे सगळं एका आठ पानी पुस्तिकेत छापलेलं होतं. केंद्र आवटी मॅडमचं, त्यामुळे पुस्तिकाही त्यांची. पण भुवयांचं पान माझं होतं. सोळा वर्षं भुवया मीच शिकवत होते, म्हणून धागा कुठं धरायचा, किती ताणायचा, हे त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं होतं.

राजमतीनं मुदतीचं पत्र सावकाश वाचलं आणि सही केली. बाकीच्या कामांत तिचं कार्ड वर्गात सगळ्यांत भरलेलं होतं. मग भुवयांचंच असं का, हे आवटी मॅडमनी दोनदा विचारलं. 

"मी करतो मॅडम," एवढंच म्हणाली. आमच्या भागातल्या पोरी करतो, जातो असंच बोलतात.

ती गेल्यावर मी आवटी मॅडमना तिच्या घरचं सांगितलं. शिरोळच्या पुढच्या खेड्यातली मुलगी. दोन स्थळं ठरता ठरता मोडली होती. तिसऱ्याची वाट बघत बसण्यापेक्षा स्वतःचं काहीतरी करावं म्हणून ती रोज एस.टी.नं येत होती. भावाच्या घराला रस्त्याकडं उघडणारी एक खोली होती. भाऊ म्हणाला होता, दिवाळीपर्यंत सर्टिफिकेट घेऊन ये, खोली तुझ्या पार्लरला. नाहीतर खतवाल्याला देतो. खतवाला रोज दारात येऊन विचारत होता, त्यामुळे भाऊ तरी किती दिवस थांबणार.

आवटी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, पण केंद्र त्यांनी एकटीनं उभं केलं होतं. "मला वाईट वाटतं, पोतदारबाई," त्या म्हणाल्या. "पण नियम पंचवीसजणींना एकच आहे." त्यांचं काही चुकत नव्हतं.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली.

पार्लरच्या कामात येण्याआधी मी बालवाडीत शिकवायचे. तिथं एक गोष्ट मला पक्की कळली होती. एखादं मूल सगळं करतं आणि एकच गोष्ट करत नाही, तेव्हा ते आळस करत नसतं, त्याला कुठंतरी काहीतरी बोचत असतं. राजमतीच्या बाबतीत मात्र हे आठवायला मला बरेच दिवस लागले. मी ठरवलं, हिला सराव कमी पडतोय. म्हणून जुलैभर रोज दुपारी तिच्यासाठी तासभर जास्त थांबायचं.

भुवया करायला माणसं लागतात. साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या बायका आमच्याकडं फुकट भुवया करून घ्यायला यायच्या. शिकाऊ हाताखाली बसायचं धाडस सगळ्यांना होत नाही. ज्यांना व्हायचं त्यांच्यात खोतकाकू पहिल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या, आणि कॉलनीत कुणाकडं आज कसली भाजी झाली हेसुद्धा ठाऊक असणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात राजमतीनं त्यांच्या भुवया केल्या. काकूंनी आरसा हातात घेतला, मान इकडून तिकडं वळवली.

"काय वं पोतदारबाई," त्या म्हणाल्या, "माझी एक भुवई लग्नाला निघालीया आणि दुसरी रुसून घरीच बसलीया."

वर्ग हसला. राजमतीही तोंडावर हात धरून हसली. मी मात्र त्या रुसलेल्या भुवईपुढं 'ठीक' लिहू शकले नाही. खोटं 'ठीक' लिहून कार्ड भरलं असतं. पण उद्या तिच्या खोलीत येऊन बसणारी बाई कार्ड बघणार नव्हती, आरसा बघणार होती.

काम नापास केलं की त्यापुढं कारण लिहायची माझी सवय होती. दहा-बारा दिवस गेले, आकडा कसाबसा चौतीसवर आला. एका दुपारी मी तिच्या कार्डाची मागची बाजू सलग वाचत गेले. डावी बारीक. डावीचं टोक वर. डावीच्या पोटात खाच. डावी बारीक. उजव्या भुवईबद्दल एक अक्षर नव्हतं. हात कच्चा असता तर दोन्ही बिघडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी तिच्या पाठीमागं उभी राहिले नाही. स्टूल घेऊन बाजूला बसले आणि बाईच्या कपाळाऐवजी राजमतीच्या तोंडाकडं बघत राहिले. भुवया करताना धाग्याचं एक टोक समोरच्या दातांत धरतात, बाकीच्या धाग्याला हातांत पीळ देतात, आणि मानेच्या ओढीनं केस निघतो. राजमतीचा धागा समोरच्या दातांत नव्हताच. तो उजव्या दाढांत, गालाच्या आत खोल होता. त्यामुळे तिची मान उजवीकडं कलत होती आणि डाव्या भुवईवर धागा तिरका पडून केसांची एक ओळ जास्त उपटून नेत होता.

दोष सापडला म्हणून मला आनंद झाला. मी तिला सांगितलं, समोर धर. ती हो म्हणाली आणि पुढच्या भुवईला पुन्हा दाढेत धरला. पुन्हा सांगितलं, पुन्हा हो, पुन्हा दाढ. चौथ्या वेळी माझा आवाज चढला नाही, पण शब्द कोरडे झाले.

"पुस्तिकेत लिहिलंय, राजमती. समोरच्या दातांत. मी सोळा वर्षं हेच शिकवलंय. तुला शिकायचंच नसेल तर तसं सांग."

तिनं धागा रिळाला गुंडाळला. खुर्चीवरचे केस झटकले, टॉवेल धुवायच्या बादलीत टाकला आणि पिशवी उचलून गेली. त्यानंतर दोन दिवस ती आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर वाळलेले टॉवेल काढत होते तेव्हा ती जिना चढून आली. हातात कागद होता. घरगुती अडचणीमुळे कोर्स सोडत आहे, तरी नाव कमी करावं, अशा दोन ओळी तिनं सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या. मी तो वाचला, घडी घातली आणि तिला म्हटलं, "आता खरं कारण सांग."

तिनं जिन्याकडं बघितलं. कुणी नाही याची खात्री केली. मग जिभेनं टाळूवर काहीतरी ढकललं, तोंडाशी हात नेला आणि तळवा माझ्यासमोर उघडला. तळव्यावर समोरचा एक दात होता, नखाएवढ्या गुलाबी पट्टीवर बसवलेला, बाजूला बारीक तार.

"हापशाचा दांडा लागला. नववीत होतो," ती म्हणाली. दाताच्या जागेवरून वारा जात होता, म्हणून शब्द वेगळे येत होते. "धागा ओढला की ह्यो खाली येतो, मॅडम. कुणा बाईच्या तोंडावर पडला तर?"

मग तिनं बाकीचं सांगितलं. पहिलं स्थळ या दातावरून मोडलं होतं. हसताना दात हलला आणि मुलाच्या आत्यानं बघितला. दुसऱ्या स्थळाला कुणीतरी आधीच जाऊन सांगितलं. तेव्हापासून आईनं तिला देवासमोर बसवून वदवून घेतलं होतं की लग्न होईपर्यंत हे चारचौघांत कुणाला दाखवायचं नाही. मला दाखवलं हेसुद्धा आईला चालणार नव्हतं.

मी तिला म्हटलं, उद्या ये, अर्ज माझ्याकडं राहू दे. आणखीही काही सांगायला हवं होतं. पण मी उरलेले टॉवेल काढायला वळले.

घरी गेल्यावर रात्रीचं जेवण झालं आणि मी धाग्याचं रीळ घेऊन खाटेवर बसले. नवख्या मुली भुवयांचा पहिला सराव स्वतःच्या नडगीवर करतात. तिथले केस गेले काय आणि राहिले काय, कुणाला दिसत नाही. मी धाग्याचं टोक दातांत न धरता गळ्याभोवती सैल बांधलं आणि नडगीवर पीळ फिरवायला लागले. आधी धागा सरकला. मग गळ्याला कापला. मग मी रुमालाची घडी करून गळ्यावर ठेवली आणि वरून धागा घेतला. आता ओढ मानेऐवजी खांद्यांतून द्यावी लागत होती. झोपायच्या वेळेपर्यंत नडगीवर दोन बोटं रुंदीचा पट्टा स्वच्छ झाला होता, सरळ, कुठंही खाच नसलेला.

दुसऱ्या दिवशी राजमतीला समोर बसवून मी ते शिकवलं. तिचा हात मुळात चांगला होता; अर्ध्या तासात तिला खांद्याची ओढ जमली. धागा गुंडाळताना तिची नजर माझ्या गळ्यावरच्या लाल वळावर गेली.

"मॅडम, तुम्ही आधी असं करत होता?"

"नाही. काल शिकले."

"माझ्यासाठी?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि ते अर्धं खरंही होतं. मी वर्गाचं दार लावलं.

"माझे वरचे सगळे दात बसवलेले आहेत, राजमती," मी म्हणाले. "तीन वर्षं झाली."

हिरड्यांचा आजार होता. सांगलीच्या डॉक्टरांनी एकेक करत सगळे काढले आणि कवळी दिली. कवळीत धागा धरून मी घरी एकदा बघितलं होतं. पहिल्याच झटक्याला ती खाली आली. त्यानंतर तीन वर्षांत मी कुणाच्या भुवईला धागा लावला नव्हता. पाठीमागं उभी राहायचे आणि म्हणायचे, तुम्ही करा, मी बघते. मुलींना ती माझी शिकवायची रीत वाटली. आवटी मॅडम पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या की पोतदारबाई हात न लावता नुसत्या नजरेनं शिकवतात. मी ते कौतुक घेत राहिले. वय अठ्ठावन्न, तोंडात कवळी, आणि शिकवायचं रूप खुलवायला. कळलं तर वर्ग दुसऱ्या कुणाला देतील अशी भीती होती. शिकवणं सुटलं असतं तर दिवसाचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. आदल्या वर्षी पुस्तिकेचं नवं छपाईकाम झालं तेव्हा 'धागा समोरच्या दातांत धरावा' हे वाक्य मी कवळी घालून तपासलं होतं आणि खाली बरोबरची खूण केली होती.

हे सगळं ऐकून राजमती हसली नाही, आणि माझी समजूतही घातली नाही. तिनं विचारलं, "कणीस खाता येतं?"

मी म्हटलं, दाणे सोलून. तिनं सांगितलं की ती पेरू चमच्यानं खाते. शेंगदाण्याच्या चिक्कीचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, चघळायची, घाई करायची नाही. अशी आमची बरीच यादी झाली.

त्यानंतरच्या भुवया भराभर 'ठीक' होत गेल्या. डाव्यांची तक्रार संपली. तीस तारखेला आकडा अठ्ठावन्न झाला. मुदतीतल्या शेवटच्या दोन भुवया आवटी मॅडमसमोर करायच्या असा नियम होता, आणि एकतीस तारखेला दुपारी खोतकाकू स्वतः होऊन खुर्चीत येऊन बसल्या. वर्गात आम्ही चौघीच होतो.

राजमतीनं गळ्यावर रुमाल ठेवला, धागा बांधला आणि उजवी भुवई केली. आवटी मॅडम वाकून बघत होत्या. भुवई झाल्यावर त्यांनी राजमतीला थांबवलं आणि मला विचारलं, हे काय आहे.

मी सांगितलं, नवी रीत आहे, मीच शिकवली. त्यांनी पुस्तिका काढली, माझं पान उघडलं आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. मग शांतपणे आपली अडचण सांगितली. सर्टिफिकेट देणाऱ्या मंडळाचा परीक्षक हीच पुस्तिका हातात धरून येणार. रीत नियमात बसत नसेल तर गळ्यातून केलेल्या सगळ्या भुवया कार्डावरून काढाव्या लागतील. मग आकडा चाळीसच्याही खाली जातो आणि आज मुदत संपते. राजमतीचे हात धाग्यासकट तसेच हवेत राहिले होते.

"पण नियम बदलायला माझी ना नाही," आवटी मॅडम म्हणाल्या. "तुम्ही काकूंची डावी भुवई दातांत धरून करून दाखवा. मी दोन्ही शेजारी बघते. सारख्या आल्या तर मी आजच हे वाक्य खोडते."

आणि त्यांनी धाग्याचं रीळ माझ्यापुढं धरलं. याहून न्यायाचं कुणी काय बोललं असतं? मी रीळ घेतलं.

"मॅडमच्या हाताला कळ येतीया," राजमती पटकन म्हणाली. "सकाळपासनं."

आवटी मॅडम म्हणाल्या, मग उद्या बघू; आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की उद्या एक तारीख आहे.  मी रीळ हातात धरून उभी होते. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की नियम मी लिहिला आणि तो मलाच पाळता येत नाही. मी ते वाक्य मनात दोनदा जुळवलं आणि दोन्ही वेळा गिळलं.

राजमतीनं माझ्याकडं बघितलं. मग गळ्यातला धागा काढला, तोंडाशी हात नेला आणि कापूस ठेवायच्या स्टीलच्या वाटीत तो दात ठेवला.

"मला दातांत धरता येत न्हाई," ती आवटी मॅडमना म्हणाली. "म्हणून मॅडमनी शिकवलं."

खुर्चीत खोतकाकू होत्या. त्यांनी डोळे उघडले होते. संध्याकाळी ही गोष्ट कॉलनीभर होणार, उद्या शिरोळमध्ये आणि परवा तिच्या गावात, हे राजमतीला माझ्याइतकंच कळत होतं. माझ्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नव्हता. ती तोंड मिटून, सरळ उभी होती.

वाटीत अजून जागा होती. मी रीळ खाली ठेवलं, भिंतीकडं वळावंसं वाटलं पण वळले नाही, आणि कवळी काढून तिच्या दाताशेजारी ठेवली.

आवटी मॅडमनी वाटीत वाकून बघितलं. मला वाटलं आता त्या विचारतील, किती वर्षं. त्यांनी ते विचारलं नाही. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"आणखी कुणाचे?" त्या म्हणाल्या.

"माझ्या खालच्या दोन दाढा न्हाईत," खोतकाकू म्हणाल्या, "पण ते राहू द्या. मी हितं कवाधरनं एका भुवईवर पडलीया, तेवढं बघा कुणीतरी."

आवटी मॅडमना हसू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. राजमतीनं रुमाल नीट केला, धागा पुन्हा बांधला आणि दुसरी भुवई केली. आवटी मॅडमनी खिडकी पुरती उघडली, काकूंची हनुवटी धरून दोन्ही भुवया उजेडात बघितल्या, एकदा जवळून, एकदा चार पावलं मागं जाऊन. मग कार्डावर दोनदा 'ठीक' लिहिलं, बेरीज केली, सही केली आणि कार्ड राजमतीच्या हातात दिलं.

त्यानंतर त्यांनी पुस्तिका पुढं ओढली आणि लाल पेननं माझं वाक्य खोडलं.

"काय लिहू, पोतदारबाई? सांगा, आत्ताच लिहून टाकते."

मी सांगायला गेले. पण तोंडात दात नव्हते. शब्दांचा नुसता वारा झाला. मी राजमतीकडं बोट केलं. तिचीही जीभ फटीतून सरकत होती, तरी तिनं सावकाश, एकेक शब्द सोडवून सांगितलं, आणि आवटी मॅडमनी तसंच्या तसं लिहून घेतलं: धागा जिला जिथं धरता येईल तिथं धरावा.